मेलेली जमीन आणि बाटलीतले जिवाणू

नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून मंचरच्या कृषी सेवा केंद्रांपर्यंत, जुन्नर-आंबेगावच्या मुलखात, एक विधान इतक्या निःशंकपणे ऐकविले जाते की त्याचा समाचार घेणे आता अगत्याचे झाले आहे: ‘रासायनिक खतांनी जमीन मेली, जिवाणूंची बाटली सोडा, पुन्हा जिवंत होईल.’

जमीन मेलेली नाही. गाइसलर व स्को या संशोधकांनी २०१४ साली ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा बिनखताच्या जमिनीपेक्षा रासायनिक खताच्या जमिनीत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान सरासरीने सुमारे १५ टक्के अधिकच भरले. घटीचा कल दिसला तो सामू ५ च्या खाली गेलेल्या जमिनींत. खताने कोणत्या जाती बळावतात हे मात्र बदलते, आणि खरी चिंता तीच आहे.

आता बाटली. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. म्हणजे लिटरभर बाटलीत १० हजार कोटी. परंतु सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १०० कोटी जिवाणू मुळातच नांदत असताना, पैसे मोजून आणलेला हा सारा ऐवज ओंजळभर मातीत आधीच हजर असतो, हा साधा हिशेब कोणी का करीत नाही? संख्येची उणीव नसतेच. उणीव असते ती अन्नाची आणि वैविध्याची. मुळे जी शर्करा, अमिनो आम्ले व सेंद्रिय आम्ले पाझरतात त्यांवर मुळांभोवतीची ही वस्ती पोसली जाते, हे जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनरने १९०४ सालीच ओळखले होते. आणि प्रत्येक पिकाचा पाझर निराळा असल्यामुळे, टोमॅटोवर टोमॅटो घेत राहिल्यास त्याच मुळांवर जगणारी मर रोगाची बुरशी व सूत्रकृमी बळावतात. कांद्याची मुळे तर विरळ व केसांवाचूनची. स्फुरद मिळविण्यासाठी तो मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीवर फार विसंबतो, आणि आपण स्फुरदाचा अतिरेक करून ती भागीदारी मोडतो, वारंवार रोटाव्हेटर फिरवून तिचे तंतू तोडतो, वर बाटली विकत घेतो! फेरपालट, शेणखत, कुजविलेले पाचट यांवाचून दुसरी तजवीज नाही.

उसाचे पाचट जाळल्याने जमीन सुधारते हा समज खोटा. त्या जाळात सूक्ष्मजीवांचे अन्नच जाते. बाटली वापरायचीच, तर ताम्रयुक्त बुरशीनाशकात जिवाणू खत मिसळू नये. सहजीवी बुरशी कोबीला निरुपयोगी, कारण त्याची मुळे तिच्याशी संग करीत नाहीत. शेंगवर्गीय पिकांच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळणे मात्र शास्त्रशुद्ध आहे. फक्त सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाही.