पोटातील सूक्ष्म जीव आणि मज्जातंतूंची व्याधी
मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंचे आवरण नष्ट करू लागते. जर्मनीत 34 एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्येक जोडीत एकालाच ही व्याधी होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्ण भावंडांचे आतड्यातील जिवाणू उंदरांना दिले असता तत्सम विकार अधिक उंदरांत उद्भवला. उलट, अमेरिकेत आशुतोष मंगलम व सहकाऱ्यांना प्रिव्होटेला हिस्टिकोला हा जिवाणू उंदरांतील विकार सौम्य करताना आढळला. प्रिव्होटेला कुळ धान्य-कडधान्यावर वाढलेल्या भारतीयांच्या पोटात विपुल असते. भाकरी-आमटी जेवणाऱ्या आपल्या घरांना हे सुखावह वाटेल. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. परिचयातील एका घरी ताकाच्या भरवशावर सुनेची औषधे थांबविली. काही महिन्यांतच तिची दृष्टी अधू झाली. आता औषध आणि ताक, दोन्ही सुरू आहेत.