जुन्या संगणकी खेळांमागील हात

संगणकावरील जुने खेळ हा कामगार कार्यकर्त्याने बोलण्याचा विषय नव्हे, अशी शंका आपल्या मनात आली असेल. परंतु वस्तू समोर आली की ती कोणी घडविली आणि त्याच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची आम्हां मंडळींना खोड असते.

1982 च्या जानेवारीत आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त घरगुती संगणक काढला. पुढे डेसिबेल्स या कंपनीने परवान्याने तो भारतातही आणला. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि खेळ साठवायला गाण्यांची साधी कॅसेट! स्मृती अवघी 48 किलोबाइट. पडद्यावर आडवे 256 आणि उभे 192 ठिपके. प्रत्येक ठिपक्यास पंधरांपैकी हवा तो रंग द्यायचा, तर 24 किलोबाइट, म्हणजे निम्मी स्मृती, त्यातच खर्ची पडती. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीस दोनच रंग दिले आणि काम सात किलोबाइटांच्या आत भागविले. बाहुली भिंतीजवळून जाताना भिंतीचा रंग अंगावर घेते, ती याच काटकसरीमुळे. विशीही न गाठलेल्या मॅथ्यू स्मिथने 1983 साली 'मॅनिक मायनर'च्या वीस गुहा एवढ्याच जागेत बसविल्या. त्यातील खाणकामगाराची हवा संपत आली की आजही जीव वरखाली होतो.

त्याआधी, 1978 साली, जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. त्यात शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले भरभर धावतात. कारण साधे आहे: चित्रे कमी झाली की यंत्राला काम कमी, म्हणून वेग जास्त. माणसे घटली की उरलेल्यांची धावपळ वाढते, हे आमच्या खात्यांतून कोणालाही शिकवावे लागत नाही!

पण मला सर्वांत भावलेली हकीकत अमेरिकेतील आहे. अटारी कंपनी खेळावर रचनाकाराचे नाव घालीत नसे. चार रचनाकारांनी 1979 साली बाहेर पडून 'ॲक्टिव्हिजन' काढण्यात सहभाग घेतला आणि तेथे रचनाकारांची नावे छापली. वॉरन रॉबिनेटने निराळी युक्ती केली. 1980 साली बाजारात आलेल्या 'ॲडव्हेंचर'मध्ये त्याने एक गुप्त खोली करून तीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. कोणास सांगितले नाही, नोकरीही सोडली. पुढे एका मुलाने पत्र पाठविले, तेव्हा कंपनीला पत्ता लागला.

आमच्या उपनगरांत हे खेळ निराळ्या वाटेने आले. अंधेरीच्या सीप्झमध्ये 1973 पासून इलेक्ट्रॉनिक माल निर्यातीसाठी तयार होऊ लागला होता; गल्लीतील पोरांच्या हाती मात्र पुढे 'समुराई', 'मीडिया' अशा नावांची, जपानी निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल आली. कार्ट्रिजवर लाखो खेळांचा आकडा, आत मोजकेच, तेच ते फिरवून. अशा कित्येक नकलांतून मूळ निर्मात्यांची नावे पुसलेली असत. मजुरी गेली ती गेली, नावही गेले.

आता इम्युलेटर नावाची आज्ञावली आजच्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावते. कॅसेटवरील चुंबकी थर झिजण्यापूर्वी तिचा आवाज उतरवून घेतला, तर खेळ वाचतो आणि त्यासोबत पहिल्या पडद्यावरचे नावही. रॉबिनेटची खोलीसुद्धा अजून उघडते. एक करडा ठिपका शोधायचा आणि इतर काही वस्तूंसह ठराविक दालनात न्यायचा, की भिंतीतून वाट मिळते.