कोलामी भाषेतील प्राणिनामे आणि नामव्याकरण

कोलामी ही महाराष्ट्र व तेलंगणातील कोलाम समाजाची द्राविडी भाषा आहे. ती यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांत, तसेच तेलंगणातील आदिलाबाद परिसरात बोलली जाते. द्राविडी कुळाच्या मध्य शाखेत नाईकी, परजी व गदबा या भाषांबरोबर तिची गणना होते. २०११ च्या जनगणनेनुसार कोलामी भाषकांची संख्या सुमारे १,२८,००० होती. कोलामीतील प्राण्यांची नावे तिचे द्राविडी मूळ दाखवतात, तर या नामांचे लिंग शेजारच्या मराठीपेक्षा अगदी वेगळ्या तत्त्वावर ठरते.

अभ्यासाचा इतिहास

भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी कोलामीचे वर्णन केले. पी. सेतुमाधवराव यांचे कोलामी व्याकरण १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ मरे बी. एमेनो यांनी १९३५ ते १९३८ या काळात भारतात क्षेत्रीय अभ्यास केला. त्यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रकाशित झाला. तो प्रामुख्याने वर्धा भागातील बोलीवर आधारलेला असल्याने भाषाशास्त्रात ‘वर्धा बोली’ हे कोलामीच्या एका रूपाचे नाव रूढ झाले.

प्राणिनामे

कोलामीतील अनेक प्राणिनामांचे सजातीय शब्द इतर द्राविडी भाषांत आढळतात.

• पुल (वाघ): तमिळ व तेलुगूमध्ये ‘पुलि’
• पाम (साप): तमिळ ‘पाम्बु’, तेलुगू ‘पामु’
• पित्ते (पक्षी): तेलुगू ‘पिट्ट’
• कोर (कोंबडी): तमिळ ‘कोळि’, तेलुगू ‘कोडि’
• मेके (शेळी): तेलुगू ‘मेक’

कुत्र्याला कोलामीत ‘आते’ म्हणतात. कोलामीला स्वतंत्र लिपी नसून महाराष्ट्रात ती लिहिताना देवनागरीचा वापर होतो. मात्र कोलामीत ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व व दीर्घ ‘ओ’ हे अर्थभेदक स्वर आहेत. देवनागरीच्या नेहमीच्या लेखनात हा भेद दाखवला जात नाही.

लिंगव्यवस्था

मराठीत तीन लिंगे आहेत व प्रत्येक प्राणिनामाचे लिंग स्वतंत्रपणे ठरलेले असते. ‘साप’ पुल्लिंगी, ‘पाल’ स्त्रीलिंगी, तर ‘अस्वल’ नपुंसकलिंगी आहे. या शब्दांचे लिंग प्राण्याच्या नर किंवा मादी असण्यावर अवलंबून नाही. कोलामीत पुल्लिंग आणि अपुल्लिंग असे दोनच वर्ग आहेत. पुरुषवाचक नामे पहिल्या वर्गात येतात. स्त्रिया, सर्व प्राणी व निर्जीव वस्तू दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यामुळे नर असूनही वाघ किंवा बैल व्याकरणदृष्ट्या अपुल्लिंगीच राहतो.

हा भेद सर्वनामांत स्पष्ट दिसतो. पुरुषासाठी ‘अम्द’ (तो), तर स्त्री, प्राणी किंवा वस्तूसाठी ‘अद’ (ती, ते) असे सर्वनाम येते. अनेकवचनात अनुक्रमे ‘अव्र’ व ‘अदव’ ही रूपे वापरतात. क्रियापदाचे रूपही कर्त्याच्या या वर्गानुसार बदलते. वर्गीकरण व्याकरणिक असल्याने त्यावरून समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय संख्यावाचक शब्दांत ही सरमिसळ राहत नाही. ‘दोन’साठी पुरुष, स्त्रिया आणि मानवेतर यांची तीन वेगवेगळी रूपे आहेत, तेथे स्त्रिया प्राण्यांपासून वेगळ्या होतात.

वचन व विभक्ती

अनेकवचन प्रामुख्याने ‘-ल’, ‘-उल’ व ‘-कुल’ या प्रत्ययांनी साधले जाते. मराठीत ‘घोडा’चे ‘घोडे’ होते, पण ‘बैल’ अनेकवचनातही ‘बैल’च राहतो. विभक्तीच्या बाबतीतही फरक आहे. मराठीत ‘वासराला पकडले’ आणि ‘वासराला चारा दिला’ या दोन्ही वाक्यांत ‘-ला’ हाच प्रत्यय येतो. वऱ्हाडी बोलीत त्याच्या जागी ‘-ले’ असतो. कोलामीत कर्मासाठी ‘-न’ किंवा ‘-उन’ आणि संप्रदानासाठी अनुनासिकान्त ‘-ङ’ किंवा ‘-उङ’ असे वेगळे प्रत्यय आहेत.

सद्यस्थिती

कोलाम समाजाचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होतो. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. शाळा, बाजार व शासकीय व्यवहार मराठीत चालत असल्याने बहुतेक कोलाम द्विभाषिक आहेत आणि कोलामीत मराठी शब्दांचे प्रमाण मोठे आहे. ‘पुल’ऐवजी ‘वाघ’ हा शब्द रुळला तरी वाक्य कोलामीचे असेपर्यंत तो अपुल्लिंगीच चालू शकतो. मात्र पुढील पिढीने संपूर्ण संभाषणच मराठीत केल्यास शब्दांबरोबर ही वर्गव्यवस्थाही वापरातून जाते. त्यामुळे कोलामीच्या नोंदी करताना शब्दसूचीइतकेच महत्त्व वाक्ये आणि कथनांच्या संकलनाला आहे.