वयपरत्वे बदलणारी त्वचा आणि यांत्रिक चेहरा-मर्दन : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. वाढत्या वयाच्या खुणा चेहऱ्यावर सर्वप्रथम जाणवतात. या खुणा कमी करण्यासाठी हाताने केल्या जाणाऱ्या मर्दनाच्या जोडीला आता यंत्रेही आली आहेत. त्यांचा परिणाम नेमका किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्वचेतील बदल :
बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा असते. तिला बळकटी देणारे कोलॅजेन व लवचिकता देणारे इलॅस्टिन हे तंतू फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी निर्माण करतात. वयानुसार ही निर्मिती घटते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तंतूंचे विघटन करणारी विकरे वाढतात व तंतू तुटतात. फायब्रोब्लास्ट पेशींना तंतूंचा ताण जाणवतो आणि त्या ताणावर त्यांची कार्यक्षमता अवलंबून असते. तंतू तुटल्यास ताण कमी होतो व पेशी मंदावतात. बाहेरून ताण दिल्यास पेशी पुन्हा सक्रिय होतील, हे यांत्रिक मर्दनामागील तत्त्व होय.

उपचारपद्धती :
फ्रान्समधील लुई-पॉल गिते यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेले यंत्र या क्षेत्रात विशेष प्रसिद्ध आहे. व्रणांची ताठर त्वचा मऊ करणे हा त्याचा मूळ हेतू होता. त्यात हवेच्या शोषणाने त्वचेची घडी उचलून ती फिरत्या रुळांमध्ये मळली जाते. चेहऱ्यासाठी लहान आकाराची उपकरणे वापरतात. याशिवाय कंपनावर चालणारी घरगुती उपकरणेही उपलब्ध आहेत.

पुरावा व मर्यादा :
मर्दनानंतर रक्ताभिसरण वाढते, सूज उतरते व चेहरा तजेलदार दिसतो. परंतु हा परिणाम अल्पकालीन असतो. २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या त्वचेवर कंपनयुक्त मर्दन केल्यावर डेकोरिन, फायब्रिलिन इत्यादी प्रथिने वाढल्याचे आढळले. क्रीमसोबत मर्दन करणाऱ्या स्त्रियांच्या सुरकुत्यांमध्ये केवळ क्रीम वापरणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. मात्र हे संशोधन सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या लोरेआल कंपनीशी संबंधित संशोधकांचे होते. शिवाय ८ आठवड्यांच्या निरीक्षणावरून दीर्घकालीन परिणाम ठरविता येत नाही. तुटलेले तंतू मर्दनाने कायमचे पूर्ववत होतात, असे सिद्ध झालेले नाही.

सावकाश होणाऱ्या लाभापेक्षा चुकीच्या वापराची हानी लवकर दिसते. सावळ्या त्वचेवर वारंवार घर्षण झाल्यास काळसर डाग पडू शकतात. मुरुमे, नागीण किंवा त्वचेचा दाह असल्यास, तसेच रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा उपचार करू नये.

निष्कर्ष :
यांत्रिक मर्दन हा पूरक व तात्पुरता उपाय आहे. त्यास 'यौवन परत आणणारा उपचार' म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय ठरते. उन्हापासून संरक्षण व धूम्रपानवर्जन यांचा आधार अधिक भक्कम आहे; ट्रेटिनॉइन या औषधास बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली, परंतु तेही वैद्यकीय देखरेखीखालीच वापरावे लागते. महागड्या उपचारसत्रांवर खर्च करणाऱ्यांना तजेला आणि तारुण्य यांतील हा फरक आधीच सांगितला जाणे, हा त्यांचा ग्राहक म्हणून हक्क आहे.