*नवा एक्सल टाकण्याआधी तुटलेला बघा*

माल वाहायची पिकअप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

चिखलात एकच चाक गरगर फिरू नये म्हणून काहीजण डिफरन्शियलमधले स्टार गिअर वेल्डिंग करून जाम करतात. मग एक्सल तुटतो, नवा टाकला की तोही तुटतो, अन् दोष मालाच्या वजनाला.

वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. गिअर जाम असले की दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि त्या फरकाचा पीळ एक्सलवर येतो. वावरात चाक घसरून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. राजूर घाटात तर वळणामागे वळण!

तुटलेला तुकडा लगेच भंगारात देऊ नका. पुसून उजेडात बघा. दाते पिळलेले दिसले तर वेल्डिंगवरच पहिला संशय घ्या. तुटल्या जागी गुळगुळीत वलयं असतील तर चीर जुनी आहे. हाउसिंग वाकलंय का, बेअरिंग ढिलं आहे का, तेही तपासून घ्या. आतले तुकडे काढून ऑइल बदलल्याशिवाय नवा एक्सल बसवू देऊ नका.

काही गाड्यांत एक्सल तुटला की चाकच बाहेर येतं. म्हणून वेल्डिंग केलेली गाडी भरून घाटात नेऊ नका, आधी डिफरन्शियल पूर्ववत करून घ्या. ट्रॅक्टरवाल्यांनीही वळण्याआधी डिफ लॉक सोडायचा बरं का.