भिंतीअलीकडची शिक्षा

दिवाळीत फराळाची ताटे साऱ्या आळीत फिरतात. कालपरवा राहायला आलेल्या बिऱ्हाडालाही चकली-अनारसे पोहोचतात. पण ज्या घरचा कर्ता पुरुष तुरुंगात आहे, त्या घरी ताट गेलेले वाचकहो, तुम्ही कधी पाहिले आहे काय? न्यायालय शिक्षा एकालाच देते. आपण मात्र ती साऱ्या घराला वाटून टाकतो. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात काही वर्षे रविवारी जाऊन मी शिकलो, ते एवढेच.

मी मराठीचा प्राध्यापक. जात होतो तो साक्षरतेचा वर्ग घ्यायला. तुरुंग आणि शिकवणे यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातूनच झाला. माझ्या वर्गाला मात्र प्रवचन नको होते. पत्र हवे होते.

“मास्तर, घरी एक चिठ्ठी लिहून द्या ना जी,” चाळिशीचा एक पक्का कैदी म्हणाला. मी कागद पुढे ओढला आणि मायन्यापाशीच गाडी अडली. महाविद्यालयात पत्रलेखन शिकवताना मायन्यावर मी दोन वाक्ये बोलून पुढे सरकतो. इथे तोच सारा प्रश्न होता. दोन वर्षे जिची गाठ नाही, त्या बायकोला काय म्हणून लिहायचे? बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, “ते राहू द्या. पोराले म्हना, शाया सोडू नको.”

पत्र कारागृहाच्या कचेरीत वाचले जाऊन मगच टपालात पडते. आमच्यासारख्याने खिशातून चिठ्ठीच काय, बिडीसुद्धा आतबाहेर न्यायची नाही. अशी तीन पत्रे गेली. उत्तर आले नाही. तेव्हा कचेरीला सांगून मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो.

बाई डाळमिलमध्ये कामाला होती. तिन्ही पत्रे तिने पिशवीत जपून ठेवली होती. मग उत्तर का नाही? तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले. दहा वर्षांचा मुलगा भर दुपारी घरी बसलेला. वर्गातली पोरे ‘कैद्याचा पोरगा’ म्हणून चिडवीत, म्हणून त्याने शाळा सोडली होती. “हे कसं लिहू जी? अन् खोटं तरी कसं लिहू?” ती म्हणाली.

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्याच्या शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी भाषण केले नाही. मुलाला पहिल्या बाकावर बसवले आणि फळा पुसायचे काम दिले. चिडवणे एका दिवसात थांबले नाही, पण मुलगा येऊ लागला. पुढचे पत्र त्यानेच लिहिले. चार ओळी, त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या पाच चुका. बापाने अक्षरांवर बोट ठेवून ते स्वतः वाचले. त्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत.

ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे घरही रडत असते, हे मी विसरत नाही. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी चार लाख चौतीस हजारांवर कच्चे कैदी होते. म्हणजे चारांत तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता! काहींना जामीन मिळतो, पण जामीनदार मिळत नाही. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. कैद्यांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज भरून देणारा कुणी शेजारी मात्र लागतो.

घर तुटू न देता माणूस सुधारता येतो, हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवले आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर वसले. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. त्यावरूनच १९५७ साली शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. आमच्या जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था बंद्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करीत आली आहे.

तुरुंगात जाऊन वर्ग घेणे प्रत्येकाला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तुमच्या आळीत असे एखादे घर असेल, तुमच्या मुलाच्या वर्गात असा एखादा मुलगा असेल. त्याच्या शेजारी बसायला आपल्या मुलाला सांगा. दहा वर्षांच्या पोराला कुठल्याच न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही.