‘माझ्याकडे पैसे आहेत’ नव्हे, ‘मी पैशांसोबत आहे’: लिंगाला भाषेत मालकी कशी सांगतात?

‘नाझाली ना न्दाको ते.’ समजा, आफ्रिकेतल्या काँगो देशातून कुणी तुम्हाला हा मेसेज पाठवला. याचा अर्थ ‘मी घरी नाही’ असा होऊ शकतो आणि ‘मला घर नाही’ असाही. पहिला अर्थ असेल तर संध्याकाळी परत फोन करायचा. दुसरा असेल, तर समोरचा माणूस बेघर आहे.

एकाच वाक्यातून इतके वेगळे अर्थ कसे निघतात? लिंगाला भाषेत ‘माझं-तुझं’ कसं सांगतात, ते पाहिलं की हे कोडं सुटतं. गंमत म्हणजे मराठी माणसाला ही पद्धत इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा जवळची वाटेल.

लिंगाला कुठे बोलतात?

लिंगाला ही बांटू कुळातली भाषा आहे. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा आणि समोरच्या काठावर ब्राझाव्हिल, अशा दोन देशांच्या राजधान्या आहेत. दोन्ही शहरांत लिंगाला ऐकू येते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात फ्रेंच ही अधिकृत भाषा आहे, तर लिंगाला, स्वाहिली, किकोंगो आणि चिलुबा या चार राष्ट्रीय भाषा आहेत. युनेस्कोने 2021 मध्ये काँगोच्या रुंबा संगीताला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या रुंबाची बरीचशी गाणी लिंगालातच आहेत.

‘बाबांचं घर’ कसं म्हणायचं?

न्दाको म्हणजे घर, ताता म्हणजे बाबा. ‘बाबांचं घर’ म्हणायचं असेल तर ‘न्दाको या ताता’. मराठीत आधी मालक आणि मग वस्तू येते. लिंगालात क्रम उलटा: आधी वस्तू, मग ‘या’, मग मालक.

मराठीत वस्तू बदलली की प्रत्ययही बदलतो: बाबांचा शर्ट, बाबांची गाडी, बाबांचं घर, बाबांचे मित्र. लिंगालात ‘या’ सहसा बदलत नाही. घर असो वा मूल, एक असो वा अनेक, ‘या’ तसाच राहतो.

बांटू कुळातल्या सगळ्याच भाषा इतक्या सोप्या नाहीत. स्वाहिलीत शिक्षकाचं घर म्हणजे ‘न्युंबा या म्वालिमू’, पण शिक्षकाचं पुस्तक म्हणजे ‘किताबू चा म्वालिमू’ आणि पुस्तकं अनेक असली की ‘विताबू व्या म्वालिमू’. इथला ‘चा’ आणि मराठीतला ‘चा’ सारखे दिसतात, पण हा निव्वळ योगायोग आहे. ‘किताबू’चं तसं नाही. अरबीतून हिंदी-उर्दूत आलेला आणि मराठीलाही ओळखीचा असलेला ‘किताब’ स्वाहिलीतही पोहोचला आहे.

मग लिंगालात हे बदल का नाहीत?

याचं उत्तर या भाषेच्या जन्मात आहे. काँगो नदीवर व्यापार करणाऱ्यांची बोबांगी ही भाषा लिंगालाच्या मुळाशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेगवेगळ्या भाषा बोलणारे व्यापारी, सैनिक आणि मजूर ती कामापुरती बोलू लागले. बाजारात सौदा करताना व्याकरणाचे बारीक नियम कोण पाळणार? अनेक नियम गळून पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनऱ्यांनी ‘शुद्ध’ बांटू व्याकरण पुन्हा बसवण्याचा प्रयत्न केला. ते रूप चर्चच्या पुस्तकांत टिकलं. किन्शासाच्या रस्त्यावर मात्र सुटसुटीत लिंगालाच चालत राहिली.

‘माझं’, ‘तुझं’, ‘आपलं’

मालकाच्या जागी सर्वनाम असेल तर बहुतेक वेळा ‘या’ऐवजी ‘ना’ येतो.

- न्दाको ना न्गाई: माझं घर
- न्दाको ना यो: तुझं घर
- न्दाको ना ये: त्याचं किंवा तिचं घर
- न्दाको ना बीसो: आमचं, आपलं घर
- न्दाको ना बीनो: तुमचं घर
- न्दाको ना बांगो: त्यांचं घर

‘त्याचं’ आणि ‘तिचं’ यांत फरक नाही. ‘आमचं’ आणि ‘आपलं’ यांतही नाही. नाव विचारायचं असेल तर ‘कोंबो ना यो नानी?’ म्हणजे शब्दशः ‘तुझं नाव कोण?’ यातल्या ‘नानी’चा आपल्या आजीशी काही संबंध नाही!

‘माझ्याकडे आहे’ कसं सांगतात?

इथे लिंगाला मराठीच्या जवळ येते. इंग्रजीत मालकी सांगायला ‘हॅव’ हे वेगळं क्रियापद आहे. मराठीत तसं नाही, आपण ‘असणे’वरच भागवतो: माझ्याकडे पैसे आहेत, मला दोन भाऊ आहेत, त्याला ताप आहे.

लिंगालातही ‘असणे’च वापरतात, फक्त त्याला ‘सोबत’ची जोड देतात. ‘नाझाली ना म्बोंगो’ म्हणजे शब्दशः ‘मी पैशांसोबत आहे’, अर्थात ‘माझ्याकडे पैसे आहेत’. इथे ‘ना’ दोनदा आला आहे. ‘नाझाली’मधला ‘ना’ म्हणजे ‘मी’, तर सुटा ‘ना’ म्हणजे ‘सोबत’. नकार द्यायचा तर शेवटी ‘ते’ जोडायचं: नाझाली ना म्बोंगो ते.

मराठीत पैशांसाठी ‘माझ्याकडे’ आणि भावंडांसाठी ‘मला’ लागतं. लिंगालात दोन्हीकडे एकच साचा: ‘नाझाली ना बान्देको मिबाले’ म्हणजे मला दोन भावंडं आहेत. भूकही तशीच: ‘नाझाली ना न्झाला’, म्हणजे मी भुकेसोबत आहे.

वयसुद्धा याच साच्यात विचारतात: ‘ओझाली ना म्बुला बोनी?’ म्हणजे तू किती वर्षांसोबत आहेस? ‘म्बुला’ म्हणजे वर्ष आणि पाऊससुद्धा. ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या मेसेजचं काय?

‘ना’चा अर्थ ‘सोबत’ होतो, तसाच ‘मध्ये’ही होतो. म्हणून ‘नाझाली ना न्दाको’ म्हणजे ‘मी घरात आहे’ किंवा ‘मला घर आहे’. लिंगालात सुराच्या चढउतारानेही अर्थ बदलतो, पण रोजच्या लिखाणात बहुतेक लोक सुरांच्या खुणा देत नाहीत. मग संदर्भ हाच आधार उरतो.

माणसाला संदर्भ कळतो, यंत्राला दरवेळी कळेलच असं नाही. गुगल ट्रान्सलेटमध्ये मे 2022 मध्ये 24 नव्या भाषा आल्या. त्यात लिंगाला होती आणि आपली कोंकणीही. गप्पा मारताना भाषांतर चुकलं तर हसून सोडून देता येतं. पण आश्रय मागणाऱ्याच्या अर्जात ‘मला घर नाही’चं ‘मी घरी नव्हतो’ झालं, तर त्याचं सगळं प्रकरणच फिरू शकतं.

‘मालकी’चा शब्द नाही म्हणजे मालकी नाही?

‘हॅव’ नाही म्हणजे या लोकांना मालकीची कल्पनाच नाही, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो सपशेल चुकीचा ठरेल. तसं असतं तर मराठी, हिंदी, रशियन आणि अरबी बोलणाऱ्यांनाही ती कल्पना नाही असं म्हणावं लागेल. या भाषांमध्येही ‘माझ्याकडे आहे’ अशाच धाटणीने मालकी सांगतात.

काँगोची जमीन हातातून गेली ती व्याकरणामुळे नाही. 1885 ते 1908 या काळात तो सगळा प्रदेश बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी ताब्यात होता. ‘रिकामी’ जमीन सरकारची, असं 1885 च्या फर्मानाने ठरवून टाकलं. गावकरी जिथे शिकार करायचे, जंगलातला माल गोळा करायचे, ती जमीनही कागदावर ‘रिकामी’ ठरली. पुढे त्याच जंगलांतून रबर गोळा करण्यासाठी लोकांवर जबरदस्ती झाली.

‘म्बोका’ म्हणजे गाव, आणि देशसुद्धा. लिंगालात ‘आपला देश’ म्हणायचं असेल तर ‘म्बोका ना बीसो’. 30 जून 1960 रोजी काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला, तेव्हा या तीन शब्दांना कायद्याचाही आधार मिळाला.